गरम फरशी, थंड छत: पाइपातल्या पाण्याची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इयरफोन सापडत नाही, किंवा वाचायलाच जास्त आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना घाईत सुटलेले काही आकडे इथे घातलेत.

विषय आला जर्मनीहून. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या एका नागपूरकर श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली: "भाऊ, बाहेर बर्फ आहे. घरात हीटर दिसत नाही, पंखा नाही, घूं-घूं आवाज नाही. आणि मी अनवाणी फिरतोय, कारण फरशीच कोमट आहे. हे आलं कुठून, सांग ना."

खरं सांगू का, नागपुरात बसून फरशी गरम करण्यावर एपिसोड करायचा म्हणजे थोडी गंमतच आहे. आपल्याकडे मे महिन्यात ती फुकटात गरम मिळते. २०१८ च्या २९ डिसेंबरला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता हे मान्य, पण अशा रात्री वर्षात किती असतात? मात्र खोदत गेलो तसं लक्षात आलं, की या फरशीची गोष्ट शेवटी आपल्या डोक्यावरच्या स्लॅबपर्यंत येते. आणि तिथे आपलं दुखणं आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे पुढचा इतिहास डोक्यात बसेल. शाळेत उष्णतेचे तीन रस्ते शिकलो होतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिले दोन सगळ्यांना आठवतात, तिसरा परीक्षेनंतर विसरला जातो. प्रारण म्हणजे शेकोटीपासून चार फूट लांब उभं राहिलं तरी गालाला लागणारी ऊब. मधली हवा गारच असते, तरी ऊब पोचते. आपलं शरीर सतत आसपासच्या भिंती, जमीन, छत यांच्याशी असा व्यवहार करत असतं. समोरचा पृष्ठभाग आपल्या त्वचेपेक्षा थंड असेल तर आपण उष्णता देतो, गरम असेल तर घेतो. म्हणून खोलीतल्या हवेचं तापमान ही अर्धीच बातमी असते.

त्या जर्मन घरात काय केलंय? फरशीखाली आधी उष्णतारोधक थर, म्हणजे ऊब खाली जमिनीत जाऊन वाया जाऊ नये. त्यावर प्लास्टिकचा पाइप, साधारण १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवून जिलेबीसारखा गोल किंवा नागमोडी पसरलेला. त्यावर सिमेंटचा जाड थर, मग टाइल किंवा लाकूड. पाइपात फिरणारं पाणी उकळतं नसतं, फक्त ३५ ते ४५ अंशांचं. आपण अंघोळीला घेतो तेवढंच. बसण्याच्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं युरोपचं मानक सांगतं, कारण त्याहून गरम झाला तर पायांना त्रास होतो. खोली २० अंशांची आणि फरशी २९ ची असेल तर एका चौरस मीटरमधून साधारण १०० वॅट उष्णता मिळते. पूर्वी खोलीत एक पिवळा बल्ब लावायचो ना, तेवढी, पण प्रत्येक चौरस मीटरला एक.

मग पाणीच का, हवा का नाही? कारण एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साडेतीन हजार घनमीटरच्या आसपास हवा तेवढीच तापते. म्हणजे तेवढी उष्णता वाहून न्यायला हवेला खोकड्याएवढा डक्ट लागतो आणि पाण्याला अंगठ्याएवढा पाइप पुरतो. या एका गुणावर सगळा धंदा उभा आहे.

आता इतिहास. पण सुरुवातीला त्यात पाणी नाहीच.

रोमन लोक स्नानगृहाची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून धरायचे आणि खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा आणि धूर फिरवायचे. कोरियात स्वयंपाकाच्या चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेऊन पलीकडच्या चिमणीतून सोडायचे. त्याला ओंडोल म्हणतात. भात शिजायचा, त्याच आगीवर झोपायची जागाही गरम व्हायची. काश्मीरमधला हमाम बघितलाय? मशिदीला जोडलेल्या किंवा मोठ्या घरातल्या त्या खोलीत दगडी फरशीखाली लाकडं जळतात आणि वर माणसं शाल गुंडाळून गप्पा मारत बसतात. आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर भुसावळहून पुढे बऱ्हाणपूरला उतरा आणि तापीकाठच्या शाही किल्ल्यातला मुघल हमाम बघून या. छतावरची रंगीत नक्षी अजून थोडी शिल्लक आहे. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात वारली. पण लोक ताजमहाल बघायला आग्र्याला जातात आणि बऱ्हाणपूर रेल्वेच्या खिडकीतून बघतात.

या सगळ्यात एक अडचण सारखीच. आग फरशीखालीच पाहिजे. धूर गळला तर माणूस गुदमरतो, आणि एका कोपऱ्यात चटका बसतो तर दुसऱ्यात थंडी. आग एकीकडे आणि ऊब दुसरीकडे न्यायची, तर मध्ये कोणीतरी वाहक लागतो. तो वाहक म्हणजे पाणी.

गरम पाणी पाइपातून फिरवून ऊब देण्याचं नीट काम १७७७ मध्ये फ्रान्सच्या बोनमां नावाच्या माणसाने केलं, आणि तेही माणसांसाठी नाही, कोंबडीची अंडी उबवायला! अंड्यांना तापमान एकसारखं लागतं, चुलीवर ते जमत नाही, पाण्यात जमतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं खाली येतं, पंप नसतानाही चक्र चालू राहतं. माणसांची पाळी नंतर आली.

मग गोष्टीत येतो अमेरिकेचा प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. १९१० च्या दशकात टोकियोत इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी गेला असताना ओकुरा नावाच्या उद्योगपतीकडे थंडीत जेवायला गेला. जेवणघरात कुडकुडला. जेवणानंतर सगळ्यांना शेजारच्या 'कोरियन खोलीत' नेलं आणि तिथे त्याला वाटलं की ऋतूच बदलला. शेगडी नाही, काही नाही. खाली ओंडोल होता. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे टोकियोच्या श्रीमंताकडे कोरियन खोली असणं हे नुसत्या हौसेचं प्रकरण नाही. ती बाजू राइटच्या कौतुकात बहुतेक वेळा गळून जाते.

राइटने ती कल्पना उचलली, पण धुराच्या जागी पाइप घातले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी एका पत्रकार कुटुंबासाठी त्याने कमी खर्चाचं छोटं घर बांधलं, जेकब्स हाउस. त्याच्या काँक्रीटच्या फरशीखाली तापवणारे पाइप आहेत.

दहा वर्षांनी ही गोष्ट घाऊक झाली, आणि इथे थोडं थांबू या, कारण आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हा भाग फार ओळखीचा वाटेल. दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी परतले, घरं नाहीत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेविट कंपनीने १९४७ पासून कारखान्यासारखी घरं बांधायला घेतली. चार-पाच वर्षांत १७ हजारांहून जास्त घरं. खर्च वाचवायला तळघर काढून टाकलं, थेट जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब ओतला. मग हीटिंग कुठे बसवायचं? स्लॅबमध्येच तांब्याच्या पाइपाची वेटोळी गाडून टाकली. डेमोमध्ये सगळं मस्त. मुलं गरम जमिनीवर खेळतायत, भिंतीवर एकही रेडिएटर नाही.

आणि मग काही वर्षांनी पाइप गळायला लागले. काँक्रीट आणि तांबं गरम-गार होताना वेगवेगळं फुगतं-आक्रसतं, जमीन थोडी बसते, सांध्यावर ताण येतो, ओलाव्यात तांबं खातं. गळती कुठे आहे ते दिसत नाही, आणि दिसली तरी घर फोडल्याशिवाय हात पोचत नाही. अनेकांनी शेवटी स्लॅबमधलं पाणी बंद केलं आणि भिंतीलगत नवे हीटर लावले. प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग ज्याला पॅच देताच येत नाही! तंत्र चुकीचं नव्हतं. पण जे परत उघडता येणार नाही तिथे सर्वांत भरवशाचा माल लागतो, आणि तो तेव्हा नव्हता.

तो माल १९६० च्या दशकाच्या शेवटी आला. टॉमस एंगेल या जर्मन संशोधकाने पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधून टाकण्याची पद्धत काढली. साधं पॉलिथिलीन म्हणजे ताटातल्या शेवया, उचलल्या तर सुटतात. हे म्हणजे विणलेलं जाळं, गरम केलं तरी वितळून वाहत नाही. याला पेक्स म्हणतात. स्वीडनच्या विर्सबो कंपनीने सत्तरच्या दशकात त्याचे पाइप काढले. आता शंभर मीटरचा पाइप एकसंध, मध्ये एकही सांधा नाही. गंजत नाही, काँक्रीटबरोबर थोडा ताणला जातो. पण त्यातही एक गंमत झाली. सुरुवातीच्या प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत झिरपायचा, आणि पाइपाला काही न होता बॉयलर आणि पंपाचं लोखंड गंजून चिखल व्हायचा. म्हणून पाइपावर ऑक्सिजन अडवणारा पातळ थर आला. आपल्या श्रोत्याच्या पायाखाली बहुधा असाच पाइप असेल.

जर्मनीचं उत्तर इथे संपलं. आता बाजू पलटू. पाइपात पाणी गरमच असलं पाहिजे असं कोण म्हणतं? खोलीपेक्षा गार पाणी फिरवा, फरशी किंवा छत उष्णता शोषून घेईल. यंत्रणा तीच, दिशा उलटी. आणि याचं एक सुंदर जुनं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची पाणचक्की. शाळेच्या सहलीत आपल्यातले अर्धे लोक जाऊन आलेत. तिथे काय बघितलं? उंच भिंतीवरून पडणारं पाणी, फिरणारं जातं, हौदातले मासे, मोठ्ठं वडाचं झाड, आणि नंतर आइस्क्रीम. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास हे शहर खडकी नावाने वसवलं आणि पाण्यासाठी जमिनीखालून नहर आणली. अशा नहरींची परंपरा तिथे पुढेही चालू राहिली. पाणचक्की बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात आहे. १८ व्या शतकात निजामाच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाचं नाव या आवाराच्या बांधकामाशी जोडलं जातं. डोंगराकडचं पाणी मातीच्या पाइपातून येतं, भिंतीत वर चढतं आणि हौदात पडतं. वीज नाही, पंप नाही, फक्त उगम उंचावर आणि पाइप बंद.

पण मला सांगायचंय ते हौदाच्या खाली आहे. तो लांबलचक हौद नुसता जमिनीत खणलेला नाही. त्याच्या तळाशी खांबांवर उभा एक मोठा दगडी दिवाणखाना आहे. म्हणजे हौदाचा तळ हेच खालच्या खोलीचं छत. उन्हाळ्यात खालचा दिवाणखाना गार राहतो, ही त्याची ख्यातीच आहे. विचार करा, काय घडतंय. वर पाणी सतत येतंय आणि जादा पाणी खाम नदीकडे जातंय, म्हणजे छताने घेतलेली उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. हौदाच्या उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होतं, त्याने पाणी आणखी गार होतं. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर थंड दगड आहे, आणि त्याचं अंग त्या दगडाला उष्णता देतंय, प्रारणाने. हवा फार हलायचीही गरज नाही. आजचा इंजिनियर याला पाण्यावर चालणारं रेडिएंट कूलिंग म्हणेल आणि सल्ल्याची फी लावेल. ज्यांनी बांधलं त्यांच्या डोक्यात आधी दळण होतं, नमाजाआधीची वजू होती, यात्रेकरूंची सोय होती. गारवा त्याच पाण्यातून मिळाला.

छतावरच्या पाण्याचा धागा १९५० च्या दशकातही भारतातून गेलाय. अमेरिकेच्या तांत्रिक मदतीच्या कामावर हॅरल्ड हे नावाचा माणूस इथे होता. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गारठणाऱ्या पत्र्याच्या घरांत माणसं कशी राहतात ते त्याने पाहिलं आणि ते डोक्यात घेऊन परत गेला. पुढे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अटास्काडेरो गावी त्याच्या पद्धतीचं घर उभं राहिलं. धातूच्या छतावर पाण्याच्या पिशव्या आणि त्यांच्यावर सरकती झाकणं. उन्हाळ्यात दिवसा झाकायचं, रात्री आकाशाकडे उघडायचं. हिवाळ्यात उलट.

आणि आजचं सांगायचं तर हैदराबादजवळ पोचारम इथे इन्फोसिसने २०११ मध्ये एक इमारत चालू केली. तिथे त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो सरळ ए-बी टेस्ट आहे. इमारतीचे दोन सारखे भाग. एकात चांगल्या दर्जाचं नेहमीचं एसी. दुसऱ्यात स्लॅबमध्ये पाइप आणि त्यातून गार पाणी, ताज्या हवेची सोय वेगळी. ऊन तेच, माणसं तशीच, कामही तेच. पहिल्या दोन वर्षांत पाइपवाल्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली. कारण तेच, हवा ढकलण्यापेक्षा पाणी फिरवणं स्वस्त.

मग असा पाइप घराघरात का नाही? उत्तर आहे दव. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात तसे थंड छतावरही जमतील, आणि ऑफिसात बसल्या-बसल्या डोक्यावर टपटप होईल. हवेत जितकी वाफ जास्त, तितक्या लवकर. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर, २००६ पासून, फरशीत गार पाणी फिरतंय आणि तिथली हवा तर ओलीच ओली. तिथे आत येणारी हवा आधी यंत्राने कोरडी करून मग सोडतात. घराला हे परवडत नाही.

पण नागपूरचा मे? माझ्यातला इंजिनियर इथे जागा झाला. दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. त्या हवेत दव पडायला पृष्ठभाग साधारण १५ अंशांपर्यंत गार व्हावा लागेल. इतकं गार पाणी आपण फिरवणारच नाही. त्याच हवेत नुसत्या बाष्पीभवनाने, म्हणजे कूलरच्याच तत्त्वाने, पाणी २५-२६ अंशांपर्यंत उतरतं. कॉम्प्रेसर नको, गॅस नको. आता जुलै घ्या: ३० अंश आणि ८० टक्के. दव २६ अंशांवरच जमायला लागतं आणि बाष्पीभवनाने पाणी त्याच्या खाली जातच नाही. खेळ खलास. हे सांगायला मला सूत्रं लावावी लागली, पण नागपुरातल्या कोणत्याही माउलीला विचारा, ती सांगेल, पाऊस पडला की कूलर चिकचिक करतो, बंद कर बावा.

तरी मे महत्त्वाचाच. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होते. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले तेव्हा हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण आपल्यातल्या कितीतरी लोकांना ५६ खराच वाटला होता! आणि दिवसापेक्षा रात्र वाईट असते. कारण दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब रात्री ते परत करतो. माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकराला छताला थर्मामीटरची लेझर बंदूक लावली तर आकडा चाळिशीच्या आसपास येतो. अंगापेक्षा जास्त. म्हणजे कूलरची गार हवा अंगावर घेत असताना डोक्यावरून तेच जर्मन फ्लोअर हीटिंग चालू असतं, उलटं टांगलेलं, बिनपैशाचं.

आमच्याकडे हा प्रश्न आत्ता खराखुरा आहे, कारण घरावर अजून एक खोली चढतेय आणि ती आजीची आहे. तिचं वय ८१. खाली जिने आणि वर्दळ तिला नको झालीय, आणि वर गरमी. कूलरने तिला रात्री खोकला येतो, एसीत पाय आखडतात. खोली १० बाय १२ फूट, म्हणजे ११ चौरस मीटर. १५ सेंटिमीटरवर पाइप टाकला तर ७५ मीटरच्या आत काम होतं, एकच वेटोळं, मध्ये सांधा नाही. छत २७ अंशांवर आणि खोली ३२ वर असेल तर ते साधारण ६०० वॅट उष्णता ओढेल. दीड टनाचा एसी ५,२०० वॅटच्या आसपास ओढतो, त्यामुळे हे एसी नाही, तसं कोणाला सांगूही नका. पण आत्ता ते छत चाळिसाचं आहे, त्याच्याशी तुलना करा. पाणीही कमी लागतं. मोठा कूलर तासाला १०-१५ लिटर सहज उडवतो. ६०० वॅट बाष्पीभवनाने घालवायला तासाला एक लिटर पुरे, उन्हाचा वाटा धरून दोन-तीन.

फक्त तो उन्हाचा वाटा आधी कमी केला पाहिजे. स्लॅबवर उष्णतारोधक थर नसेल तर आपण आजीला नाही, सूर्याला थंड करत बसू. म्हणून क्रम असा: वर थर, त्यावर कोबा, त्यावर पांढरा चुना. ज्यांचा स्लॅब आधीच पडलाय, त्यांनीही एवढं करावं, ते पाइपाशिवायही उपयोगी आहे आणि त्यात इंजिनियरची गरज नाही.

बाबांचा आक्षेप एकच होता: "उद्या गळला तर?" म्हणजे लेविटवाल्यांचाच प्रश्न. त्यावर उत्तर इंटरनेटवर नाही, आमच्या प्लंबरकाकांकडे निघालं. पाइप सळईला बांधून झाला की त्यात पाणी भरून दाब चढवायचा, गेज लावायचं, आणि काँक्रीट ओतताना तो दाब तसाच ठेवायचा. कोणाचं फावडं लागलं तर काटा तिथल्या तिथे पडतो, आणि ओल्या काँक्रीटमध्ये हात घालता येतो. पंख्याचा हूक कुठे येणार ते आधी ठरवून पाइप तिथून लांब न्यायचा आणि सळईवर पसरलेल्या पाइपाचे फोटो काढून ठेवायचे, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी ड्रिल मशीन घेऊन चढेल. सेंटरिंग परवा लागतंय. आजीला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की पाण्याचा आवाज येईल का. नाही येणार म्हटलं. "मग घाल," म्हणाली.